पूर्वपक्ष

“हा अर्ज आहे की तार?” मी विचारले.

सुभेदार नलवडे माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. अठ्ठावीस वर्षे फौजेत काढून निवृत्त झालेला हा माणूस अजूनही खुर्चीला पाठ टेकत नसे. त्यांनी आणलेला कागद मी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला. इंग्रजीत मोजून चार ओळी होत्या. अमुक तारखेच्या वैद्यकीय तपासणीत नाकाचा पडदा वाकडा असल्याच्या कारणाने मला अपात्र ठरवण्यात आले. शस्त्रक्रियेने तो दोष दूर झाला आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरी अपिलात माझी फेरतपासणी व्हावी. खाली सहीसाठी मोकळी जागा.

“माजी सैनिकांच्या ऑफिसातल्या क्लार्कनं लिवून दिलंय,” सुभेदार म्हणाले. “सगळ्यांस्नी तो ह्येच देतोय. तुमी फकस्त स्पेलिंगं बगा, सर.”

“स्पेलिंगं बरोबर आहेत. पण ह्यात युक्तिवाद कुठाय?”

“युक्तिवाद कशाला?”

“कशाला म्हणजे? न्यायाधीशापुढे उभं राहून ‘मला सोडा’ एवढंच म्हणणार का तुम्ही?”

सुभेदारांनी दाराकडे पाहिले. दारात त्यांची मुलगी रेणुका उभी होती. नाकाची शस्त्रक्रिया होऊन एकोणीस दिवस झाले होते. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, डोळ्यांखाली तेवढी पिवळसर झाक राहिली होती.

“तिथं न्यायाधीश नसतात, सर,” ती म्हणाली. “डॉक्टर असतात.”

“निकाल देतो तो न्यायाधीश,” मी म्हणालो, आणि तो मुद्दा तिथल्या तिथे जिंकला.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा गडहिंग्लजच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होतो. संस्कृत घेणारे विद्यार्थी वर्षाला चार-पाच. त्यांतही आवडीने घेणारा एखादाच. रेणुका नलवडे त्यांपैकी एक. न्यायशास्त्राच्या तासाला ती माझ्याशी हमरीतुमरीवर येई, आणि संध्याकाळी त्याच तोंडाने मैदानाला वीस फेऱ्या मारी. तिला लष्करात अधिकारी व्हायचे होते. निवड मंडळाने तिला पाच वेळा परत पाठवले. सहाव्या वेळी घेतले. मग वैद्यकीय तपासणीत नाकाचा पडदा आडवा आला. अपिलाला बेचाळीस दिवस मिळतात, त्यांतले सव्वीस संपले होते. आणि येत्या जानेवारीत तिला पंचवीस पूर्ण होणार होती, म्हणजे वयाची अट संपणार होती. सातवी वेळ नव्हती.

सुभेदारांनी हे सारे एका वाक्यात सांगितले होते. “ज्या ऑफिसर मेसच्या दारात मी सलाम ठोकत हुबा ऱ्हायलो, सर, तितं माझी पोर आत बसून जेवंल.”

असे वाक्य ऐकल्यावर चार ओळींचा अर्ज माझ्या हातून जाणे शक्य नव्हते. मी म्हणालो, “कागद माझ्याकडे ठेवा. मी लिहितो.”

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. पुराव्याशिवाय विधान करायचे नाही, हा माझा नियम. मागच्या अंगणात सुभेदारांच्या पत्नी आक्काताई संकेश्वरी मिरच्यांची देठे काढीत बसल्या होत्या. लालभडक ढीग गुडघ्याएवढा. मी बसलो न बसलो तोच सलग नऊ शिंका दिल्या.

“सरास्नी पानी आन गं,” आक्काताई म्हणाल्या. “मिरचीला सवय लागती, सर. ही बगा, ढिगावर बसली तरी ठसका न्हाई.”

रेणुका खरोखरच ढिगाशेजारी बसून देठे खुडीत होती. मी ते वहीत टिपले.

“काय लिवलासा?”

“पुरावा लिहिला. श्वसनमार्गाला कसलाही अडथळा नाही, याचा.”

आक्काताई हसल्या. “काय तरी बाई! नाकासमोर चालनारी माजी पोर, आन नाकच वाकडं निघालं म्हनत्यात! त्या डाक्टरांस्नी दुसरं काय गावलं न्हाई व्हय?”

मी एकेक प्रश्न विचारीत गेलो. सर्दी किती वेळा होते? धावताना दम लागतो का? झोपेत घोरते का? (“बाबा घोरतात,” रेणुका म्हणाली, “त्यांना घेतलं होतं फौजेत.”) शेवटी मी विचारले, “आणि लहानपणी? जन्मल्यापासून श्वासाची कधीच तक्रार नव्हती?”

आक्काताईंचा हात देठावर थांबला. “लहानपणी हुती की. चार वर्साची असताना लई धाप लागायची. रात-रात बसवून धरायची मी. चिकोडीला एक डाक्टर हुते, त्यांनी तोंडात मारायचा पंप दिल्ता. तीन वर्सं मारला. सात वर्साची झाली आन गेलं ते गेलंच. परत म्हनून न्हाई.”

मी पेन खाली ठेवले. मला झालेला आनंद आजही आठवतो.

तो का झाला ते सांगितले पाहिजे. आमच्या शास्त्रग्रंथांची एक जुनी शिस्त आहे. आपले मत मांडण्याआधी विरुद्ध बाजूचे मत मांडायचे. तेही लेचेपेचे करून नव्हे, तर विरोधकाला स्वतःलाही सुचले नसते इतक्या समर्थपणे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याचे एकेक कलम खोडून काढायचे आणि शेवटी आपला सिद्धांत ठेवायचा. पूर्वपक्ष जितका बलवान, तितका सिद्धांत अढळ. नाकाच्या वाकड्या पडद्याचा पूर्वपक्ष मला फारच दुबळा वाटत होता. त्याला मारण्यात काही पुरुषार्थ नव्हता. आणि इथे, मिरचीच्या ढिगाआडून, खराखुरा पूर्वपक्ष चालून आला होता. जिला बालपणी दम्याने ग्रासले होते, ती आज दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत धावते! तिच्या श्वासाविषयी आणखी कोणती शंका उरते?

मी हे बोलून दाखवले. सुभेदार भिंतीला टेकवलेली सायकल पुसत होते, ते फडके हातात घेऊन जवळ आले.

“सर, ह्ये नगा लिवू.”

“का?”

“फौजेत एक असतंय. पुसलं तेवढंच सांगायचं. इन्स्पेक्शनला साहेबानं पेटी उघड म्हटलं तर पेटी उघडायची. बिस्तरा न्हाई उघडायचा.”

“हे इन्स्पेक्शन नाही, सुभेदार. हा वाद आहे.”

“वाद असता तर वकील दिला असता की सरकारनं.”

“आणि उद्या कुणी शोधून काढलं म्हणजे?”

“कोन काढतंय? त्यो चिकोडीचा डाक्टर जाऊन बारा वर्सं झाली.”

मी रेणुकाकडे वळलो. “तपासणीच्या फॉर्ममध्ये याबद्दल काही विचारलं होतं?”

तिने खालीच पाहिले. “होतं, सर. दमा आहे का, कधी होता का. मी ‘नाही’ लिहिलं. आमच्या घरात त्याला दमा कुणी म्हणतच नव्हतं. धाप म्हणायचे. मला ते आठवतसुद्धा नाही नीट.”

“म्हणजे एक असत्य विधान आधीच तुझ्या सहीने गेलेलं आहे,” मी म्हणालो. “आता तर ते दुरुस्त केलंच पाहिजे. आणि दुरुस्त करायचं तर असं, की त्यातूनच तुझी बाजू सिद्ध व्हावी. सत्य लपवल्याने माणूस दुबळा होतो, सुभेदार. मांडल्याने नाही.”

सुभेदारांनी फडके एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. “माजं शिक्षान सातवी,” ते म्हणाले. “तुमच्याम्होरं माजं काय चालनार? पन मला ह्ये बरं दिसंना.”

“रेणुका, तुझं काय मत?”

वर्गात तिने माझे एकही वाक्य वाद घातल्यावाचून जाऊ दिले नव्हते. तिने बापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, “सर म्हणतात ते बरोबर असंल, बाबा.”

मी अकरा पाने लिहिली. इंग्रजीत लिहिली, पण बांधणी आपलीच ठेवली. पहिल्या तीन पानांत नाकाचा प्रश्न निकाली काढला. चौथ्या पानावर पूर्वपक्ष: अर्जदार वयाच्या चौथ्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत बालदम्याने आजारी होती, आणि तिला पंपाने औषध नियमित घ्यावे लागत असे, ही गोष्ट आम्ही लपवत नाही, उलट, विरुद्ध बाजूने जे जे म्हणता येईल ते ते आम्हीच म्हणतो. सहाव्या पानापासून खंडन. मिरच्यासुद्धा सातव्या पानावर होत्या. टंकलेखकाकडून तीनदा दुरुस्त करून घेतले, आणि रेणुकाने प्रत्येक पानाखाली सही केली.

चौतिसाव्या दिवशी आम्ही तिघे पुण्याच्या लष्करी रुग्णालयात होतो. मी का गेलो? सुभेदारच म्हणाले, “लिवलंय तुमी, काय पुसलं तर तुमीच सांगा.” त्यांच्या मनात त्यामागे काही टोचणी होती की निव्वळ विश्वास, हे मला तेव्हाही कळले नाही.

सकाळी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी रेणुकाला पाहिले. ती वीस मिनिटांत बाहेर आली, आणि लांबूनच अंगठा वर केला. सुभेदार उभे राहिले. “पास?”

“नाक एकदम फिट, बाबा. डॉक्टर म्हणाले, कुठं केलंस ऑपरेशन? मिरज म्हटल्यावर म्हणाले, मग बरोबर.”

“आता?”

“आता काही नाही. फिजिशियन एकदा सगळी फाइल बघतात आणि सही करतात. झालं.”

सुभेदारांनी खिशातून पेढ्याचा पुडा काढला. ते तो गडहिंग्लजहूनच घेऊन आले होते. मला म्हणाले, “सर, आदी तुमी.” मी पेढा घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते लपवण्यासाठी ते रुग्णालयाच्या बागेची तारीफ करू लागले. “बगा, फौजेचं झाड सुदिक लायनीत वाढतंय.”

रेणुका आत गेली. पाऊण तास झाला. मग एक शिपाई बाहेर येऊन म्हणाला, “प्रोफेसर साहब कौन है?”

कर्नल डहाके साठीला टेकलेले वाटत होते. त्यांच्या टेबलावर माझी अकरा पाने होती. रेणुका भिंतीशी उभी होती, हात मागे, नजर समोर.

“बसा,” ते मराठीत म्हणाले. “मी अमरावतीचा. हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“संस्कृत होतं मला शाळेत. या टेबलावर रोज कागद येतात, पण असं कुणी लिहीत नाही हो. दोनदा वाचलं मी.”

मला बरे वाटले. सांगायला लाज वाटते, पण वाटले.

“पान चार,” ते म्हणाले. एका वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. “हे खरं आहे काय?”

“ते पूर्वपक्षातलं वाक्य आहे, साहेब. त्याचं खंडन पान सहावर…”

“सहा वाचलं. सात, आठ, नऊ, सगळं वाचलं. मी विचारतो, हे खरं आहे का?”

आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाला दोनच उत्तरे होती, आणि दोन्ही माझ्या विरुद्ध होती.

“खरं आहे. पण सतरा वर्षांपूर्वी…”

“पंप होता?”

“होता.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी आज हिला यंत्रात फुंकायला लावलं. तीनदा. असे आकडे महिन्यातून एखाद्याचे येतात. माझे ह्याच्या निम्मेही यायचे नाहीत, मी सिगरेट ओढतो.”

“मग प्रश्नच मिटला!”

“नाही ना मिटला. फुप्फुसाचा रकाना वेगळा, आणि इतिहासाचा वेगळा. त्यात दमा ‘आहे का’ एवढंच नाही विचारत. ‘कधी होता का’ असंही विचारतात. होता, तर अपात्र. त्याच्यापुढे कारणं लिहायला जागा नाही.”

“हा नियम तर्कदुष्ट आहे.”

“असेल.”

वादात समोरचा माणूस ‘असेल’ म्हणतो, तेव्हा पुढे काय बोलायचे ते कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. मी दुसरीकडून शिरलो. “सूट असते ना? अपवाद? वजनाला मुदत देता तुम्ही, नाकाला दिलीत.”

“जे दुरुस्त होतं त्याला मुदत देतो. जे होऊन गेलं ते दुरुस्त कसं करणार?” ते शांतपणे म्हणाले. “चौदा हजार फुटांवर शंभरातल्या एकाला ते परत उठतं. तो एक कोण, हे मला इथे बसून ओळखता येत नाही. म्हणून शंभरांनाही नाही म्हणतात. तुमच्याकडे याला उत्तर आहे, मला माहीत आहे. चांगलं उत्तर आहे. पण ते ऐकण्यासाठी मला नेमलेलं नाही.”

“तिला विचारलंत?”

“विचारलं. म्हटलं, हे तुला न सांगता कुणी जोडलं का? विचार करून सांग, म्हटलं.” त्यांनी रेणुकाकडे पाहिले. “म्हणाली, ‘नो सर. सही माझी आहे.’”

रेणुकाची नजर समोरच्या भिंतीवरून हलली नाही.

“हे कागद जोडले नसते तर?” मी विचारले.

“ते नका विचारू.”

“मी विचारतो आहे.”

कर्नलसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “तर बारा वाजता मी सही केली असती. आता वाचलेलं मला न वाचलेलं करता येत नाही. वरच्या मंडळाकडे विनंती करता येते, ती उद्या दुपारपर्यंत द्या. मात्र मिळेलच असं समजू नका.”

बाहेर सुभेदार बाकाशी उभेच होते. पेढ्याचा पुडा दोरा गुंडाळून त्यांनी बाकावर ठेवला होता. रेणुका त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, “बाबा, दम्यावरनं काढलं.”

मी तोंड उघडले. कर्नलसाहेबांचा नियम, त्यातला दोष, वरच्या मंडळाकडे काय मांडता येईल, हे सारे माझ्या मनात कलमवार तयार होते. सुभेदारांनी हात वर केला, आणि मी थांबलो. त्यांनी मला बोल लावला नाही.  मग म्हणाले, “सर, इकडं या जरा.”

आम्ही दोघे कोपऱ्यातल्या अशोकाच्या झाडाखाली गेलो.

“एक ओळ लिवून द्या,” ते म्हणाले. “माज्या ऐकन्यात चूक झाली म्हनून. हिची आई सांगत हुती ती दुसऱ्याच कुनाची गोष्ट. हिच्या मामेभावाची म्हना. तुमी चुकून हिची म्हनून लिवली.”

“सुभेदार, ते खोटं होईल.”

“व्हय. खोटंच हाय.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “अठ्ठावीस वर्सं नोकरी केली. कमांडिंग साहेबाम्होरं एकबी खोटं बोललो न्हाई. माज्याकडं एक शिल्लक असंल की नसंल, सर? त्ये आज मी मागतोय.”

मागे रेणुका उभी होती. तिने ऐकले होते. ती ‘नको’ म्हणेल, असे मला वाटले. खरे सांगायचे तर तिने ‘नको’ म्हणावे म्हणून मी थांबलो. ती म्हणाली नाही. ती चोवीस वर्षांची होती, आणि तिला अधिकारी व्हायचे होते. तिने तोंड फिरवले आणि ती बाकाकडे परत गेली.

मी बाकावर बसून लिहिले. अकरा पाने लिहायला मला चार दिवस लागले होते. त्या दोन वाक्यांना अर्धा तास लागला. माझ्या लेखात पान चारवर आलेली माहिती माझ्या ऐकण्यातील चुकीमुळे आली असून ती अर्जदाराशी संबंधित नाही. झालेल्या घोटाळ्याबद्दल मी दिलगीर आहे. खाली सही, नाव, पदवी.

कर्नलसाहेब जेवायला निघाले होते. दारातच मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग मला आत घेऊन त्यांनी दार लावले.

“प्राध्यापक, तुमच्या अकरा पानांत मी चूक शोधली. एक स्वल्पविराम चुकलेला नाही. मिरच्यांचा ढीग किती उंच होता, तेही लिहिलंय तुम्ही. शिंका किती आल्या, तेही.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली. “इतकं ऐकणारा माणूस एवढी एकच गोष्ट चुकीची ऐकतो? कोण विश्वास ठेवेल?”

“तुम्ही ठेवा.”

“मी ठेवला असता हो,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चीड नव्हती, याचे मला अधिक भय वाटले. “एखाद्या अर्धवट माणसाने लिहिलं असतं, खाडाखोड असती, तर ठेवला असता. तुम्ही जागाच ठेवली नाही. हा कागद फाइलला लावला, तर वरचे म्हणतील, आधी खरं लिहिलं, मग बदललं. आज ही फक्त अपात्र आहे. उद्या खोटारडी ठरेल.”

त्यांनी कागद माझ्या खिशात आपल्या हाताने ठेवला. “मी हा पाहिला नाही. जा.”

वरच्या मंडळाकडे द्यायची विनंती रेणुकाने स्वतः लिहिली, बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून. मी ती वाचायला मागितली नाही, आणि तिनेही दाखवली नाही. ती मान्य झाली नाही. नकाराचे पत्र डिसेंबरात आले. जानेवारीत तिला पंचवीस पूर्ण झाली. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याने उगाच आशा धरू नये.

विनंती देऊन आम्ही अडीचची एसटी पकडली. तिघांचे आसन मिळाले. सुभेदार म्हणाले, “खिडकीला तुमी बसा, सर. वारं लागंल.” मी नको म्हणालो, तर ते म्हणाले, “बसा हो. तुमी वयानं मोठे.” मी खिडकीशी बसलो, मध्ये रेणुका, कडेला ते. गाडी पुण्याबाहेर पडली. मग सुभेदारांनी मला विचारले की कॉलेजच्या परीक्षा केव्हा. मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली. आपल्या मुलीचे आयुष्य ज्याने आपल्या देखत मोडले, त्या माणसाला परक्यासारखे वाटू नये म्हणून ते बोलत होते.

खंबाटकी घाट उतरताना रेणुकाला झोप लागली. तीन रात्री ती झोपली नव्हती, हे मला तिच्या आईने नंतर सांगितले. गाडीच्या एका वळणावर तिचे डोके कलले, ते वडिलांच्या बाजूला नाही. माझ्या खांद्यावर आले. सुभेदारांनी पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. मी हललो नाही. खिडकीची काच ओढून घ्यायला हवी होती, तीही घेतली नाही.

तिचे नाक माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होते. मी ऐकू लागलो. साताऱ्यापर्यंत ऐकले, साताऱ्याच्या पुढे ऐकले. उन्हे कलली होती, टायरांचा आवाज होता, मागे कुणाचे तरी बाळ कुरकुरत होते. पण मी कान देऊन फक्त तेवढेच ऐकत होतो. आणि मी कशासाठी ऐकत होतो, तेही आज लपवत नाही. कुठेतरी एक बारीक शिट्टी निघावी, एखादा श्वास अडखळावा, छातीत कुठे घरघर ऐकू यावी. म्हणजे कर्नलसाहेबांचा रकाना खरा ठरेल, आणि माझ्या वाट्याला दोष थोडा कमी येईल, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करीत होतो.

कराड आले. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. त्यात काहीही नव्हते.